ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

मुठाकाठ | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. गेले काही महिने दर शनिवारी आम्ही चौघीजणी पर्वती पायथ्याला एका समाजमंदिरात टेबल टाकून बसतो. लाडकी बहीणची केवायसी, रेशनकार्डातली नावं, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, जे येईल ते भरून देतो.

काल एक ताई आल्या. चार घरची धुणीभांडी करतात, नवरा रंगकामाला जातो. दीड हजार जमा झाले का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, मोबाईलवर मेसेज येत असेल ना? म्हणाल्या, "मेसेज ह्यांच्या मोबाईलवर येतो." एटीएम कार्ड? "ते पण ह्यांच्याकडंच." मग पैसे काढतं कोण? त्या थोडं हसल्या आणि म्हणाल्या, "खातं माझ्याच नावावर आहे पण."

नंतर येणाऱ्या प्रत्येकीला मी तेच विचारलं. निम्म्याहून जास्त जणींच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर होता, एकीच्या खात्याला तर दिराचा. पस्तीस वर्षं मी काउंटरच्या आत बसून खाती उघडली. खातं उघडलं की बाईच्या हातात पैसा आला, असंच धरून चालले. कालपासून ते मनाला फार लागून राहिलंय.

प्रश्न असा आहे. आपण 'गरीब कुटुंब' म्हणतो तेव्हा त्या घरातली गरिबी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते का? की एकाच छपराखाली कुणी कमी गरीब आणि कुणी जास्त गरीब असतं? आपल्या आसपास काय दिसतं ते लिहा. पाहिलेलं लिहा, ही विनंती.

नाना_शनिवार | रविवार, रात्री ९:५०

ताई, काम चांगलं करताय. पण मांडणी मला पटली नाही. मी मार्केट यार्डात गाळ्यावर हिशेबनीस होतो. पाठीवर पोती वाहून पन्नाशीत वाकलेले हमाल रोज पाहिले. त्यांच्यासाठी बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तेव्हा कुठे तोलाई-हमालीला दर मिळाला. तो माणूस घरी जातो तेव्हा तोही गरीबच असतो. गरिबी घरावर येते, सगळ्यांवर येते. नवरा-बायकोत हिशेब मांडायला लागलो तर गरिबाच्या घरात आणखी एक भांडण लावून देऊ. घराचं उत्पन्न वाढवा, बाकीचं आपोआप सुधारेल.

ओवी | रविवार, रात्री १०:०५

नाना, उत्पन्न वाढलेल्या घरात आपोआप सुधारलंय का? माझा पगार नवऱ्यापेक्षा जास्त आहे. तरी फ्लॅटच्या कागदावर पहिली सही त्याची आणि रात्री उशिरा आलं की कुकर मी लावते.

गणिती | रविवार, रात्री ११:३०

मुठाकाठ यांच्या प्रश्नाची मुळं आपल्याच शहरात आहेत. भारतातली गरिबी मोजण्याचा गाजलेला अभ्यास गोखले अर्थशास्त्र संस्थेत झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये तो मांडला. माणशी दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही, ते घर गरीब. काम मोलाचंच होतं.  पण या पद्धतीत, आणि नंतरच्या बहुतेक पद्धतींत, घराचा खर्च काढून त्याला डोक्यांनी भागतात. म्हणजे पातेल्यातलं सगळ्यांच्या ताटात सारखं पडतं असं गृहीत धरलेलं असतं.

प्रत्यक्षात ते कसं पडतं याचा अंदाज रक्तावरून येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. पाळी आणि बाळंतपणं हे कारण आहेच. पण ताटात कमी वाढून घेणं हेही आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं विनामोबदला घरकाम करत होत्या. घरकाम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि जे करत होते ते ९७ मिनिटं. पाच तास आधीच गेले, तर कमवायला, शिकायला, झोपायला उरतं काय? पैशाची गरिबी एक आणि वेळेची गरिबी दुसरी. दुसरी कुठल्याच रेषेत येत नाही.

मुठाकाठ | रविवार, रात्री ११:४१

"पातेल्यातलं सगळ्यांच्या ताटात सारखं पडतं." गणिती, हेच मला नीट म्हणता येत नव्हतं.

बाभूळबन | सोमवार, सकाळी ६:२०

मी बीड जिल्ह्यातला. आता भोसरीत एका कारखान्यात कामाला आहे. नाना म्हणाले गरिबी घरावर येते. आमच्याकडं ती कशी मोजतात ते सांगतो.

ऊसतोडीत मजुराला माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. मुकादम दिवाळीच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि पैसे मोजून घेतो गडी. माझ्या आईनं वीसेक वर्षं ऊस तोडला. दौंड, इंदापूर, बारामतीकडचे फड तिला तोंडपाठ होते. वाढं काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी करायची ती वेगळी. हे सगळं करून तिच्या हातात तिची मजुरी म्हणून एक रुपया कधी पडला नाही. बापाला वाईट म्हणत नाही. तो दारू प्यायचा नाही, घरासाठीच खर्च करायचा. पण आईला चपला घ्यायच्या तरी विचारावं लागायचं.

अर्ध्या कोयत्याला उचल कमी, म्हणून पोराचं लग्न लवकर उरकायचं. कारखान्याच्या गेटवरच लावलेल्या लग्नाला आमच्याकडं 'गेटकेन' म्हणतात. पोरगी किती वर्षांची ते विचारू नका. माझी मोठी बहीण तशीच गेली.

आणि खाडा. एक दिवस कामावर नाही गेलं तर दंड कापतात. पाळीत, आजारपणात, कशातच सुट्टी नाही. म्हणून गर्भपिशवीच काढून टाकायची. २०१९ ला हे पेपरात आलं, सरकारनं समिती नेमली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. माझ्या दोन मावश्या त्यातल्या आहेत की नाही माहीत नाही. पिशवी दोघींचीही काढलीय, चाळिशीच्या आत.

गड्याचीही पाठ मोडते, नाना. ते खरंच आहे. पण त्याच्या अंगातलं काही कापून काढायला कुणी सांगत नाही.

ओवी | सोमवार, सकाळी ७:१५

बाभूळबन, आज काही लिहिवत नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

नाना_शनिवार | सोमवार, दुपारी १२:४०

बाभूळबन, सकाळपासून तुमचं लिखाण तीनदा वाचलं. कोयता म्हणजे जोडपं हे ऐकून होतो, पण मजुरी एकाच हातात जाते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही, कारण घरात फूट पडू नये असं आजही वाटतं. पण 'आपोआप सुधारेल' हे चुकलं.

ढाक्याहून_परत | सोमवार, संध्याकाळी ७:५५

कापडाच्या यंत्रांच्या कामानिमित्त मी चार वर्षं ढाक्यात होतो. तिथे दोन्ही बाजू दिसल्या.

सकाळी सातला रस्त्यावर मुलींचे लोंढे असायचे, रंगीत ओढण्या, हातात डबे. शिवणकारखान्यांनी तिथल्या लाखो मुलींना पहिल्यांदा रोख पगार दिला. आमच्या कारखान्यातली एक मशीनवाली म्हणायची, "माझं लग्न दोनदा ठरलं, दोनदा मीच मोडलं, कारण घरभाडं मी देते." हा बदल खरा आहे, त्याला कमी लेखू नये.

पण २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही शिवणकारखान्यांची इमारत कोसळली तेव्हा मी ढाक्यातच होतो. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाहीतर पगार कापू म्हणाले. ११०० हून जास्त माणसं मेली, बहुतेक बायका. पगार हातात आला, पण 'मी आज आत जाणार नाही' म्हणण्याची ताकद पगाराबरोबर आली नव्हती.

गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या तिथल्या ग्रामीण बँकेचंही तेच. मुहम्मद युनूस यांनी १९८३ मध्ये तिला बँकेचं रूप दिलं, २००६ मध्ये नोबेल मिळालं, कर्जदार जवळजवळ सगळ्या बायका. पण कर्ज बाईच्या नावावर आणि रिक्षा नवऱ्याची, हे मी गावागावांत पाहिलं. हप्ता चुकला की बैठकीत मान खाली तिचीच. पुण्यातल्या खात्याची गोष्ट वाचून म्हणूनच हे आठवलं.

पुलाखालची | सोमवार, रात्री ८:३०

ढाक्याचं कशाला, दांडेकर पुलाला या. आमच्या वस्तीत बायकांच्या गटावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांची माणसं आठवड्याला येतात. एकीचा हप्ता थकला की बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. मैत्रिणी होत्या, आता बोलत नाहीत. कर्ज काढलं होतं नवऱ्याच्या मोटरसायकलसाठी.

सातबारा | सोमवार, रात्री १०:२०

पैशाबद्दल बरंच झालं, जमिनीबद्दल बोलूया. मी मुळशीकडचा. आयटी पार्क आलं आणि आमच्या पट्ट्यात गुंठ्याला सोन्याचा भाव आला. त्यानंतर निबंधक कार्यालयात एक दृश्य नेहमीचं झालं. भाऊ बहिणींना गाडीतून आणायचे, हक्कसोड पत्रावर सही घ्यायचे, साडीचोळी करून आणि जेवू घालून परत सोडायचे. माझ्या तिन्ही आत्यांनी सही दिली. दोघींची परिस्थिती बेताची. एक हडपसरला भाड्याच्या खोलीत राहते. तिनं सोडलेल्या हिश्श्याच्या पैशात आमच्याकडं बंगला झाला. मी त्याच बंगल्यात बसून हे लिहितोय. झोप लागत नाही कधी कधी.

कायदा नव्हता असं नाही. महाराष्ट्रानं १९९४ लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळून. २००५ ला केंद्रानं ती अट काढली. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच मिळतो, वडील २००५ ला हयात नसले तरी. कायदा तीन पायऱ्या चढला, आत्या मात्र पहिल्या पायरीवर सही करून गेल्या.

माहेरवाशीण | सोमवार, रात्री १०:४८

सातबारा, मी सही दिलेली आहे. कुणी जबरदस्ती केली नाही. पण सही नाही दिली तर दिवाळीला कुठे जायचं, हा विचार मनात होता. भाऊबीज आणि हिस्सा यातलं एकच मिळतं, असं आम्हाला लहानपणापासून न सांगता शिकवलेलं असतं. उद्या नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर माहेरचं दार उघडं राहावं, म्हणून आम्ही त्या दाराचीच किंमत मोजतो.

सातबारा | सोमवार, रात्री ११:०२

ताई, हे वाचून उद्या हडपसरला जाणार आहे. काय होतं ते इथे लिहीन की नाही माहीत नाही, पण जाणार आहे.

लेक_कष्टकऱ्याची | मंगळवार, सकाळी ८:१०

माझी आई कचरावेचक. लहानपणी ती पहाटे चारला जायची, कारण उजाडल्यावर लोक चोर म्हणायचे. १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, पुढे महापालिकेनं ओळखपत्रं दिली. आईनं ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं. तोवर तिच्याकडे तिच्या एकटीच्या नावाचा कागदच नव्हता. कचरावेचकांची 'स्वच्छ' सहकारी संस्था झाल्यावर ती दारोदार कचरा घेऊ लागली, महिन्याचे पैसे तिच्या हातात पडू लागले. घरात आवाज कुणाचा चालतो ते तेव्हापासून बदललं. मी बी.कॉम. झाले ते त्याच पैशांवर.

पण एक सांगते. वेचणाऱ्या बहुतेक बायका, आणि तोच माल विकत घेणाऱ्या भंगारच्या दुकानाचा मालक बहुतेक पुरुष. वाकायचं काम आमचं, काटा त्यांचा.

हा बदल एकटीनं झाला नाही, हे मुठाकाठ यांना मुद्दाम सांगते. मोर्चाला हजार जणी होत्या म्हणून आई बोलली. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि सुट्ट्या मागितल्या, तोही एकीनं नव्हे. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं.

गणिती | मंगळवार, सकाळी ९:३०

वर कुणी नेतृत्वाबद्दल लिहिलं नाही म्हणून जोडतो. एस्तेर दुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती पाहिल्या. जिथे प्रमुखपद बायकांसाठी राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. हंडा जिच्या डोक्यावर असतो ती तिथे बसली म्हणून.

पुलाखालची | मंगळवार, सकाळी ९:४४

पण 'सरपंचपती' पण असतातच ना? नगरसेविकेच्या फ्लेक्सवर नवऱ्याचा फोटो मोठा असतो.

गणिती | मंगळवार, सकाळी ९:५१

असतात. तरी दुसऱ्या खेपेला बाई स्वतः बोलते, हेही पाहिलंय.

डब्यातले_पैसे | मंगळवार, दुपारी २:१५

मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या आईचे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे. किराण्यातून वाचवलेले, शिलाईचे, कुणी ओवाळणीत घातलेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. सकाळी तिनं डबा वडिलांसमोर पालथा केला. एकवीस हजार निघाले. वडील रागावले नाहीत, कौतुकच केलं. पैसे त्यांच्या खात्यात भरले आणि ते परत कधी डब्यात आले नाहीत. त्यानंतर ती आजारी मावशीला भेटायला जायलाही पैसे मागायची. आमच्या चाळीत त्या आठवड्यात कितीतरी डबे असे पालथे झाले.

बाईला बँकेची भीती का वाटते विचारतात. डबा फक्त तिला माहीत होता. पासबुक सगळ्यांना दिसतं.

वस्तीताई | मंगळवार, संध्याकाळी ६:००

मी बारा वर्षं वस्त्यांमध्ये कौटुंबिक हिंसेच्या तक्रारींवर काम करते. मुठाकाठताई, एक कळकळीची सूचना. नंबर बदलायला लगेच कुणाला बँकेत पाठवू नका. नवऱ्याच्या मोबाईलवर येणारा मेसेज अचानक थांबला की पहिला प्रश्न हातानं विचारला जातो. आधी एकटीला बाजूला घेऊन विचारा, घरी काय होईल? काहीजणी सांगतील की नंबर मुलीचा घालूया, काही म्हणतील आत्ता नको. त्यांचं ऐका. आपल्यापेक्षा त्यांना घर जास्त कळतं.

आणि ज्यांना नवऱ्यानं टाकलंय त्यांचे हाल वेगळेच. लाडकी बहीणच्या केवायसीला नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला, तेव्हा एक बाई आठ वर्षांनी नवऱ्याच्या दारात गेली. वडील वारलेले. दुसऱ्या बाईसमोर उभं राहून तिनं ओटीपी मागितला. दीड हजारासाठी.

मुठाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

वस्तीताई, बरं झालं लिहिलंत. मी खरोखरच येत्या शनिवारी सगळ्यांचे अर्ज भरून घेणार होते. तुमच्याशी बोलायचंय, व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

मुठाकाठ | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

धागा वर आणतेय.

काल त्या पहिल्या ताई परत आल्या. वस्तीताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी घरचं विचारलं. म्हणाल्या, नवरा मारणारा नाही, पण ह्याआधी कधी विषयच निघाला नव्हता. त्यांनीच काढला. तो म्हणाला, तुझ्याकडं मोबाईल कुठाय? अडचण तीच होती. त्यांच्याकडे स्वतःचा फोनच नव्हता. त्या काम करतात त्यातल्या एका घरच्या आजींनी बटणांचा जुना फोन दिला. सिमकार्ड ताईंनी स्वतःच्या आधारवर घेतलं. सोमवारी मी त्यांच्याबरोबर शाखेत जाणार आहे. पासबुक, आधार आणि नंबर बदलायचा अर्ज तयार आहे. ओटीपी साध्या फोनवरही येतो, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

स्वतःचा नंबर त्यांना पाठ नव्हता. पासबुकाच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. जाताना दोनदा वाचून दाखवला.

बाकीच्यांपैकी तिघी नंबर बदलायला तयार आहेत, फोन नाही. दोघींनी आत्ता नको म्हटलंय. चार-पाच जणींनी पोस्टात आवर्ती खातं काढायचं ठरवलंय, महिना शंभर रुपयांचं.

नाना_शनिवार | रविवार, रात्री ९:०५

माझ्याकडे दोन साधे फोन पडून आहेत, चालू अवस्थेत. एक सौ.चा आहे, ती गेल्यापासून कपाटातच आहे. कुठे आणून देऊ?

सातबारा | रविवार, रात्री ९:१८

नाना, माझ्याकडूनही एक घ्या. आणि माहेरवाशीण ताई, हडपसरला जाऊन आलो. आत्या आधी खूप रडली. पुढच्या महिन्यात वकिलाकडे आम्ही दोघं जाणार आहोत.

मुठाकाठ | रविवार, रात्री ९:२६

नाना, शनिवारी दहा ते एक, समाजमंदिराच्या व्हरांड्यात. चार्जर आठवणीनं आणा, साध्या फोनचे आता चटकन मिळत नाहीत.